चराआधीच्या तीन टापा

प्रिय मुली,

रविवारी घोडी चरापाशी तिसऱ्यांदा अडली आणि तू तिला चाबूक मारलास. तुझे डोळे भरून आले होते, म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. आज घोडबंदर रोडवर तासभर गाडीत अडकून पडलो होतो. तेव्हाच ठरवलं, तुला लिहूनच द्यायचं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे थेट कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. उडीच्या ऐन क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून निसटतो. आधी पाहिलेलं आठवून आणि पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर तो उडतो. तू शेवटच्या तीन टापांत लगाम आवळलास आणि लगेच टाचही मारलीस. तिनं काय समजायचं?

त्यात ती रेसकोर्सवरून आलेली. लगाम घट्ट झाला की त्यावर भार टाकून पळायचं, हे तिच्या अंगात भिनलंय. तू भीतीनं आवळतेस, ती पळते आणि न्याहाळायला वेळच न मिळता चर पायाशी येतो. म्हणून पुढचे दोन आठवडे एकही उडी नको. नुसतं खोगिरावरच्या बैठकीनं आणि आवाजानं वेग कमी-जास्त करायला शिकव. कंटाळा येईल, पण कर.

वेळेची धास्तीही सोड. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या फेरीत, उशिराच्या प्रत्येक सेकंदाला 0.4 गुण दंड, तर घोडा एकदा अडला की 20. म्हणजे एक नकार 50 सेकंदांना पडतो! टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या घोडेस्वार फवाद मिर्झाला या फेरीत वेळेपायी 11.2 गुण दंड झाला, पण घोडा कुठंही अडला नाही. पुढे अंतिम फेरी गाठून तो 23वा आला.

तुझ्या वयाचा असताना एका स्पर्धेत मीही चरापाशी चाबूक चालवला होता. त्या दिवशी घोडा गेला पलीकडे. नंतर वर्षभर मात्र चर लांबून दिसला तरी त्याला दरदरून घाम फुटायचा. त्याची मान थोपटताना मला फार लाज वाटायची. अजून वाटते.

सध्या मैदानाच्या कडेला पाणी साचलंय, त्याचा उपयोग कर. घोड्याला पाण्याची खोली कळत नाही. आधी स्वतः बूट घालून तळ तपास, मग मोतद्दारमामांच्या म्हाताऱ्या घोड्यामागून तिला रोज चालत ने. मान खाली घालून हुंगू दे, फुरफुरू दे. घाई करू नकोस.

चरही तसाच, चालत. ती एखादवेळी जागच्या जागी उसळी मारेल. तेव्हा तोल लगामावर जाता कामा नये, तिच्या तोंडाला हिसका बसतो. आयाळ धर.

शनिवारी सकाळी सहाला ये. संरक्षक जॅकेट विसरू नकोस. फावडं मी आणतो, आधी फूटभरच रुंद चर खणू.

तुझे,
सर