शांता हे नाव कुठले?

प्रश्न : आमची कुलदेवता शांतादुर्गा असल्यामुळे नातीचे नाव शांता ठेवावे, असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे. सुनेला मात्र ‘शांता म्हणजे गप्प बसणारी’ हा अर्थ रुचत नाही. हे नाव मुळात रामायणातले असल्याचेही कोणी सांगतात. खरे काय समजावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या सुनेचा आक्षेप समजण्यासारखा असला, तरी तो या नावाला लागू पडत नाही. संस्कृतातील ‘शम्’, म्हणजे शमणे किंवा निवणे, या धातूपासून ‘शांत’ हे रूप झाले आणि ‘शांता’ हे त्याचे स्त्रीलिंग. तेव्हा व्याकरणाने पाहता जिचा क्षोभ निवाला आहे ती शांता. (नव्या घराची आपण वास्तुशांत करतो, ती काही घराला गप्प करण्यासाठी नव्हे.)

रामायणातील शांता ही ऋष्यशृंगाची पत्नी. वाल्मीकींच्या बालकांडात ती अंगदेशाचा राजा रोमपाद याची कन्या म्हणून येते, तर भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या प्रस्तावनेत ती दशरथाची मुलगी असून रोमपादाला दत्तक दिल्याचे सांगितले आहे. नाव जुने आहे ते इतके; परंतु आपल्या घरातील आग्रहाचा या राजकन्येशी संबंध नाही.

गोव्यातील कथेप्रमाणे शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले असता ब्रह्मदेवाच्या विनवणीवरून देवी मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांनाही आवरले. तिच्या दोन हातांतील दोन सर्प ही त्या दोघांचीच खूण मानली जाते. इथे शांता म्हणजे निवालेली नव्हे, तर निववणारी, आणि पुढे ‘दुर्गा’ आहेच. भांडणाऱ्या दोन देवांना धरून ठेवणारीला गप्प बसणारी कोण म्हणेल? सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने भाविकांनी ही देवी केळशीहून आपल्याच फोंडा महालातील कवळे येथे आणली, आणि तेथील सध्याचे देऊळ छत्रपती शाहूंच्या काळात, १७३८च्या सुमारास उभे राहिले.

गोव्यातील अनेक गावांत वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी सातेरी हीच पुढे शांतादुर्गा म्हणून ओळखली जाऊ लागली, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे सुनेच्या माहेरची देवी सातेरी असली, तरी शांता हे नाव त्या घरालाही परके ठरणार नाही.