किडनी मंदावली असेल तर ईटीजीचा रिपोर्ट कसा वाचायचा

ताई, तुमचे मिस्टर हळदीला प्यायले, ते त्यांनी डॉक्टरांना कबूलही केलं. त्यानंतर सहाव्या दिवशी दिलेल्या लघवीत ईटीजी (दारू प्यायल्याची खूण शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली आणि लिव्हर ट्रान्सप्लांटचं काम अडलं. "ऐंशी तासांत पुन्हा प्यायलेत" असं तुम्हाला सांगितलं गेलं. पण त्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन 3.8 आहे, म्हणजे किडनी मंदावलेली आहे. मुंबईतल्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं असे नमुने हाताळतोय, म्हणून कळकळीने सांगतो: एवढ्यावरून माणसाला खोटं ठरवू नका.

ईटीजी म्हणजे दारूवर लिव्हरने प्रक्रिया केल्यावर तयार होणारा पदार्थ. तो शरीराबाहेर जातो मुख्यतः किडनीवाटे. प्यायल्यावर तो लघवीत साधारण ऐंशी तासांपर्यंत सापडतो, हा हिशोब किडनी धडधाकट असलेल्यांचा. किडनी मंदावली की तो रक्तात साचून राहतो, सावकाश उतरतो आणि लघवीत जास्त दिवस सापडतो. त्यामुळे शेवटचं कधी प्यायले, हे या रिपोर्टवरून ठरवता येत नाही.

मात्र हेही तितकंच खरं, की खराब किडनी ईटीजी निर्माण करत नाही. अल्कोहोल बहुधा पोटात गेलेलं असतं. घरातल्या बाटल्या बघा: कुमार्यासव, दशमूलारिष्ट, होमिओपॅथीचे थेंब, खोकल्याचं औषध, माउथवॉश. आसव-अरिष्टांत अल्कोहोल आपोआप तयार होतं, लेबलवर लिहिलेलंही असतं. लिव्हरसाठी म्हणून कुमार्यासव कितीतरी घरांत चालू असतं!

उलट बाजूही आहे. किडनीच्या पेशंटची लघवी पुष्कळदा पाण्यासारखी फिकी असते, मग आकडा कमी दिसतो. म्हणून रिपोर्टवर लघवीतलं क्रिएटिनिन पाहा, डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पातळ धरतात. युरिन इन्फेक्शनमधले ई. कोलाय जंतू ईटीजी खाऊन टाकतात, तेव्हा लघवीचं कल्चरही (जंतूंची तपासणी) करून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर नाव, वय, वेळ असते. किडनीबद्दल अक्षर नसतं. तुम्हीच ठळक लिहून द्या.

आता ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला भेटून पेथ ही रक्ततपासणी मागा. ती दारूमुळे बनणारा पदार्थ रक्तातल्या लाल पेशींच्या आवरणात शोधते, किडनीच्या कामावर अवलंबून नसते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांचं पिणं दाखवते. हळदीचं पिणं त्यातही दिसू शकतं, म्हणून एकावर न थांबता दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. आकडा उतरत गेला तर त्यांच्या बोलण्याला कागदाचा आधार मिळेल. त्यांना रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा, दात्याच्या पेशींमुळे आकडा बदलू शकतो.