आसगावच्या बंगल्यात उभी असलेली जुनी पोर्शे ९११ घेण्याआधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय: राहायला गोव्यात पर्वरीला, आसगावातल्या एका बंगल्यातली २००८ ची पोर्शे ९११ कॅरेरा एस विकायला आहे, मालक दिल्लीचे, वर्षातून थोडेच दिवस इथे येतात, मीटरवर फक्त १८,००० किलोमीटर, नंबर पुदुच्चेरीचा. घ्यायच्या आधी काय बघावं?

माझं म्हापशाला गॅरेज आहे, जर्मन गाड्यांचं काम जास्त येतं, त्यावरून सांगतो. ज्या १८,००० किलोमीटरवर तुमचं मन बसलंय, मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. समुद्राजवळ एकामागून एक पावसाळे नुसती उभी राहिलेली गाडी, आणि ८०,००० चाललेली पण प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली गाडी, यांतली मी डोळे झाकून दुसरी घेईन. बंद घरात बहुतेक वेळा रखवालदार आठवड्यातून एकदा गाडी चालू करतो आणि पाच मिनिटांनी बंद करतो. त्यानं बॅटरी जगत असेल, पण इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साचत राहतं. चांगल्या हेतूनं गाडीचं नुकसान होतं ते असं.

इंजिनापासून सुरुवात करा, कारण खरा खर्च तिथेच आहे. कॅरेरा एसमध्ये ३.८ लिटरचं इंजिन आहे आणि या पिढीत त्याचा मोठा आजार म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे उभे ओरखडे. बहुतेकदा सहा नंबरचा सिलिंडर आधी जातो. बाहेरून दिसणाऱ्या खुणा अशा: गरम इंजिनला आयडलवर एका बाजूनं टकटक, ऑइल पिणं, आणि दोन बाजूंच्या सायलेन्सरच्या नळ्यांपैकी एकीतच जास्त काजळी. नळ्यांत बोट फिरवून दोन्हीकडची काजळी ताडून बघा. विकण्याआधी नळ्या पुसून चकचकीत केलेल्या असतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप (नळीच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा) आत घालायला लावा आणि सहाही सिलिंडरांचे फोटो मागा. मालक याला नाही म्हणाले, तर व्यवहार तिथेच सोडा. हे इंजिन उघडून बांधायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो.

दुसरी गोष्ट इंटरमीडिएट शाफ्टच्या (इंजिनातला मधला फिरता दांडा) बेअरिंगची, नेटवर तुम्ही वाचलंच असेल. २००८ च्या गाडीत मोठं बेअरिंग आहे, ते जुन्या गाड्यांइतकं मोडत नाही, पण बदलायचं झालं तर इंजिनाचे दोन भाग करावे लागतात. त्यामुळे ऑइल फिल्टर काढून त्याच्या घड्या कापून उलगडा आणि उजेडात बघा. चकाकणारे कण दिसले, म्हणजे आत धातू झिजतोय, तर पुढे जाऊ नका. २००९ पासूनच्या कॅरेरात नवं इंजिन आलं, त्यात हा शाफ्टच नाही. बजेट थोडं वाढवता येत असेल तर तीच शोधा असं मी म्हणेन.

सकाळी न सांगता जा आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. आडव्या सिलिंडरचं इंजिन आहे, बरेच दिवस उभं असेल तर सुरुवातीला काही सेकंद निळसर धूर येतो, त्याला घाबरू नका. मिनिटभरानंतरही येत राहिला तर मात्र घाबरायला हवं.

आता गोव्यातला खास भाग. या गाडीचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांच्या आत असतात. पाला तिथे शिरतो, पावसात कुजतो, वर खारा वारा. शिवोलीच्या एका गाडीचा बंपर उतरवला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे काळ्या खतासारखा थर निघाला, आणि कंडेन्सरच्या जाळीला बोट लावताच ती भुकटी होऊन खाली पडली. बाहेरून गाडी शोरूममधून आल्यासारखी होती. म्हणून तोंडातून टॉर्च मारून बघाच, शक्य असेल तर बंपर काढायला लावा. पंख्यांचे रेझिस्टरही (पंख्याचा वेग कमी करणारे विजेचे भाग) तिथेच असतात. ते गंजले की पंखा मंद वेगावर फिरत नाही. याची परीक्षा घ्यायला तुमच्या पर्वरीची कोंडी उत्तम. एसी लावून तिथे वीसेक मिनिटं काढा आणि तापमानाचा काटा बघत राहा.

मग गाडी रॅम्पवर घ्या. ब्रेकचे पाइप, बोल्ट, सस्पेन्शनचे सांधे यांवरचा गंज, खालच्या कव्हरवर स्पीडब्रेकरचे ओरखडे. टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. आत सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीचा गालिचा बदलतात, पण बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागावर मातीची रेघ राहून जाते. पुढच्या डिकीच्या झाकणाखाली चेसिस नंबर आणि ऑप्शन कोडचं स्टिकर असतं. ते नसेल तर झाकण का बदललं ते विचारा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. पोर्शेचा टेस्टर किंवा ड्युरामेट्रिक (पोर्शेचा कॉम्प्युटर वाचणारं बाहेरचं उपकरण) लावून इंजिन कॉम्प्युटरमधले चालू तास काढा. समजा १८,००० किलोमीटर आणि १,४०० तास निघाले, तर सरासरी वेग ताशी तेराच्या आसपास येतो. मग एकतर गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली जात होती किंवा मीटर मागे फिरवलाय. दोन्ही बाबतींत भाव उतरायला हवा. गिअर मॅन्युअल असतील तर त्याच टेस्टरवर ओव्हररेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगानं फिरल्याची, नोंदही मागा.

कागदांबाबत थोडक्यात. २००८ ला नोंदलेल्या खासगी गाडीच्या आरसीची १५ वर्षं २०२३ लाच संपली, तेव्हा नूतनीकरण झालंय का ते सरकारच्या वाहन पोर्टलवर बघा. आयात गाडीची ही फी साध्या गाडीच्या कित्येक पट असते. कर वाचवायला खोट्या पत्त्यांवर पुदुच्चेरीत महागड्या गाड्या नोंदवल्याची प्रकरणं गाजलेली आहेत, म्हणून पत्त्याचा पुरावा मागा. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी गोव्यात ठेवायची तर इथे पुन्हा नोंदणी आणि रोड टॅक्स आलाच. त्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला) मालकांनीच आणून द्यावी, आणि गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ सुद्धा. टॅक्सचा आकडा म्हापसा आरटीओत आधी विचारून घ्या आणि तो किमतीत धरूनच बोलणी करा.

सर्व्हिस हिस्ट्रीसाठी मालकांची परवानगी घेऊन चेसिस नंबर मुंबई किंवा बंगळूरच्या पोर्शे सेंटरला पाठवा. बोअरस्कोपचे फोटो आणि टेस्टरचा रिपोर्ट हातात येईपर्यंत एक रुपयाही टोकन देऊ नका. फोटो मिळाले की इथेच टाका, सहा नंबरच्या सिलिंडरचा आधी. मी बघून सांगतो.