वाचक विचारतात : 'अर्थसी'त राजकारण आहे कुठे?

ताई, मागच्या अंकात तुम्ही उर्सुला ले ग्विनची अर्थसी मालिका सुचवलीत, जादू आणि राजकारण दोन्ही आहे म्हणालात. पहिला भाग वाचला. एक मुलगा होडीतून बेटं फिरतो, बस. लढाई कुठंय? – एक वाचक, नाशिक

अहो, लढाई सुरुवातीलाच आहे, तुम्ही भरभर पुढे गेलात वाटतं. कार्गाद साम्राज्याचे गोरे सैनिक गाँट बेटावर लुटालूट करत येतात आणि बकऱ्या राखणारा बारा वर्षांचा पोरगा धुकं पसरवून त्यांना पार भरकटवून टाकतो. तो आपला गेड. पहिल्या भागात कार्गाद म्हणजे नुसते रानटी लोक, पण 1971चा दुसरा भाग हातात घ्या, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन' (अतुआन हे कार्गादांचं बेट, तिथली थडगी), तो थेट त्यांच्याच घरात नेऊन बसवतो. तिथे लिहिणंवाचणं हीच काळी विद्या आणि आपले लाडके जादूगार म्हणजे राक्षस! बाई शत्रूची बाजू अशी आतून दाखवते, भाषण न देता.

आणि राजकारण हवंय ना, मग याच दुसऱ्या भागातल्या कोसिलकडे नीट बघा. ती देवराजाची पुजारीण, देवराजा म्हणजे स्वतःलाच देव म्हणवणारा राजा. थडग्यांखालच्या अंधारात दिवा न्यायला सक्त मनाई, तिथली तरुण पुजारीण टेनार, या भागाची नायिका, बिचारी लहानपणापासून तो नियम पाळत आलेली, आणि तिथे ही कोसिल खुशाल दिवा घेऊन माती उकरत बसते, कारण थडग्यांत पुजल्या जाणाऱ्या त्या जुन्या अंधाऱ्या शक्तींवर तिची श्रद्धाच नाही, तिला फक्त सत्ता कळते. देवस्थानाच्या नावावर कारभार कोण हाकतं ते यात दिसतं, अख्खी लढाई वाचून तेवढं दिसलं नसतं. माझं मत हं!

शिवाय हॅवनॉरचं, म्हणजे गेडच्या बाजूच्या बेटांच्या राजधानीचं, सिंहासन शेकडो वर्षं रिकामं पडलंय. एरेथ-अकबे या जुन्या वीराचं कडं मोडलं आणि त्यावरची शांततेची खूण तुटली, तेव्हापासून धड राजाच नाही. त्या कड्याचा एक तुकडा गेडकडे आहे, दुसरा अतुआनच्या खजिन्यात. गेड अतुआनला जातो तो या तुकड्यासाठी, तलवार वगैरे काही नाही.

माझा प्रश्न साधा आहे. गेडचा गुरू ओगियन एवढा मोठा जादूगार, मग पावसात भिजत का झोपतो? – कॉलेजविद्यार्थिनी, कोल्हापूर

मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग! गाँटवर जादूगार ढिगाने, त्यामुळे पाऊस नको असला की जो तो मंत्र मारून ढग शेजाऱ्याकडे ढकलतो, तो पुढच्याकडे, असं करत करत तो ढग शेवटी समुद्रावर जाऊन मोकळा होतो. सोसायटीत कचरा दुसऱ्याच्या दारात सरकवतात ना, तसंच. ओगियन मात्र झाडाखाली शांत पडून भिजतो आणि गेड झुडपात बसून चडफडतो, की अशी विद्या काय कामाची. पण जादू केली की कुठेतरी काहीतरी हलतंच, ते सोसणारा कोणीतरी असतो. पुढे रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत हेच शिकवतात, एक खडासुद्धा खरोखर बदलायचा तर आधी त्याचं बरंवाईट कळायला हवं. हा विचार ताओ या चिनी तत्त्वज्ञानाचा आहे, ले ग्विनने 1997 साली त्याच्या मूळ ग्रंथाची, ताओ ते चिंगची, स्वतःची इंग्रजी आवृत्तीही काढली. त्यामुळे इथे कोणाच्या हातात ताकद किती यापेक्षा ती न वापरता कोण राहू शकतो हे महत्त्वाचं, आणि राजालाही हीच अट लागू होते. तिसऱ्या भागात मरणच नको म्हणणाऱ्या एका जादूगारामुळे लॉर्बनरीसारख्या बेटावरचे रेशीम रंगवणारे आपली कला विसरतात, ती प्रकरणं सावकाश वाच, घाई नको.

रोकच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही, तुम्हाला खटकत नाही का हो? – वाचक, पुणे

खटकतं ना! लेखिकेलाही खटकलं असावं, कारण 1990 मध्ये 'तेहानू' हा चौथा भाग आला आणि त्यात टेनार शेतकऱ्याची विधवा, गेडची जादू संपलेली, घरकाम आणि एक भाजलेली पोर, एवढ्यावर अख्खी गोष्ट उभी आहे. नंतर 2001च्या कथांमध्ये तर बाईने सांगूनच टाकलं की रोकची शाळा उभी करण्यात बायका होत्या, त्यांना बाहेर काढलं ते नंतर. मात्र वाचताना क्रम मोडू नका, आधीचे तीन भाग झाल्याशिवाय 'तेहानू' उघडलंत तर कंटाळा येईल आणि मग मला पत्र लिहाल.