रायफली परवडतील, पॉलिसी नाही

प्रश्न : वय ४४, टेक्सासमध्ये नोकरी, ग्रीन कार्ड, दोन मुलं. कॉलेजात एनसीसीत .२२ रायफल चालवली तेव्हापासूनचा नाद. एक वृद्ध संग्राहक अमेरिकी सैन्याच्या आठ जुन्या सराव-रायफली ८ हजार डॉलरला देतोय. दहा वर्षांत दुप्पट होतील. आययूएल (शेअर-निर्देशांकाला जोडलेला आयुर्विमा) पॉलिसीवर कर्ज काढून घेऊ का? हप्ता महिना ८००, चार वर्षं झाली. सरेंडर केली तर १९ हजार येतील. पगार १ लाख ३० हजार; ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात फक्त २ टक्के टाकतो (कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते), कारण पॉलिसी म्हणजे करमुक्त पेन्शनच आहे.

उत्तर : पेन्शन? ३८ हजार भरलेत, हातात निम्मे. ही विकणाऱ्याची पेन्शन झाली. इंडेक्स चढला तरी तुमच्या परताव्याला कमाल मर्यादेची टोपी, लाभांश मोजत नाहीत आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढत जातो. विकणाऱ्याच्या रंगीत तक्त्यातला परतावा निव्वळ अंदाज असतो, हमी नव्हे.

तुमची कंपनी ६ टक्क्यांपर्यंत निम्मी भर घालते, असं तुम्हीच कंसात लिहिलंय. तुम्ही २ टक्क्यांवर थांबल्यामुळे वर्षाला कंपनीचे २,६०० डॉलर बुडतात, चार वर्षांत दहा हजारांवर. या आठही रायफली त्यात फुकट आल्या असत्या!

आधी साधा टर्म विमा घ्या. तो हातात पडल्यावरच ही पॉलिसी सरेंडर करा. भरल्यापेक्षा कमी मिळतंय, म्हणजे कर नाही. तब्येतीमुळे टर्म नाकारला, तर काहीही मोडण्याआधी पुन्हा लिहा. वाचलेल्या हप्त्यातून ४०१-के ६ टक्क्यांवर न्या. टर्मचा हप्ता भरूनही महिन्याला दोन-अडीचशे उरावेत. नाद त्यात बसवा.

आता रायफली. विकताना दलाल किंवा लिलाववाला वीस टक्के घेईल असं धरा. दुप्पट पैसे हातात यायला माल २० हजारांना जायला हवा, म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्के वाढ. त्या भरवशावर घेऊ नका, आवडतात म्हणून घ्या. तेही आठ नव्हे, दोन. त्या आठांतली स्प्रिंगफील्ड एम१९२२ आधी पाहा, मग रेमिंग्टन ५१३-टी. रेमिंग्टनवर नेम धरायची मूळची रेडफील्ड साइट आणि 'यू.एस. प्रॉपर्टी'चा शिक्का आहे का, तपासा. पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करून चकचकीत केलेली असेल तर भाव पाडून मागा.

घराच्या विम्यात बंदुकांच्या चोरीची भरपाई बहुधा २,५०० डॉलरवर अडते. रायफल घरात येण्याआधी वेगळा रायडर (विम्याला जोडायचं जादा संरक्षण) घ्या.