वर जाताना मंदावणाऱ्या चेंडूला ‘त्वरण’ कसं?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता अकरावीला आहे. तिरका फेकलेला चेंडू वर जाताना मंदावतो, तर तिथे ‘मंदन’ आणि उतरताना ‘त्वरण’ म्हणायचं का? आणि माथ्यावर वेग शून्य, म्हणजे त्वरणही शून्यच ना?

दोन्ही समज चुकीचे आहेत, पण स्वाभाविक आहेत. ‘त्वरण’ ऐकलं की ‘त्वरा’ आठवते, आणि घाई म्हणजे वेग वाढणं असं वाटतं. त्या अर्थाने आपण ‘लोकलने वेग घेतला’ असं सुरेख म्हणतोच. शास्त्रात मात्र त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. वेग वाढो, घटो किंवा नुसती दिशा बदलो, त्वरण आहेच.

दादोजी कोंडदेव स्टेडियमवर कुणी उंच फटका मारला असं धरा. जमिनीलगत निघताना चेंडूचा आडवा वेग सेकंदाला १५ मीटर, उभा १९.६ मीटर, हवेचा विरोध सोडून द्या. उभा वेग पहिल्या सेकंदाअखेर ९.८, दुसऱ्याअखेर शून्य, तिसऱ्याअखेर खालच्या दिशेने ९.८, आणि चौथ्याअखेर, ६० मीटरवर टेकताना, खाली १९.६. दर सेकंदाचा फरक तेवढाच, ९.८, आणि तोही सतत खालच्याच दिशेने. मग एकाच गोष्टीचं नाव अर्ध्या वाटेत कशाला बदलायचं? माथ्यावर पोचून त्वरण संपलं असतं, तर चेंडू तिथून आडवाच जात राहिला असता, खाली आलाच नसता.

आडवे १५ मीटर माथ्यावरही शाबूत असतात. आडवी गती एकसमान आणि उभी गती त्वरणाची, ही फोड गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात आहे. चेंडूची वाट अन्वस्त (पॅराबोला) होते ती त्यातूनच. तेव्हा ‘माथ्यावर वेग शून्य’ असं लिहू नये, ‘वेगाचा उभा घटक शून्य’ लिहावं.

‘मंदन’ शोभतं ते स्टेशनात शिरताना ब्रेक लागलेल्या लोकलला. रूळ सरळ, दिशा तीच, वेग फक्त घटतो.

आता ‘चाल’, म्हणजे दिशा सोडून नुसता वेगाचा आकडा. आपला चेंडू निघताना आणि टेकताना चाल सारखीच, सेकंदाला सुमारे २४.७ मीटर. वेग मात्र सारखा नाही, कारण दिशा बदलली. बातमीत ‘ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू’ असतो, ती खरं तर चाल. तिथे हट्ट धरू नये, उत्तरपत्रिकेत जरूर धरावा.

आणि अशा फेकलेल्या वस्तूसाठी शब्द ‘प्रक्षेप्य’ आहे, ‘प्रक्षेपक’ नव्हे. प्यायचं ते पेय, तसं फेकायचं ते प्रक्षेप्य. प्रक्षेपक म्हणजे फेकणारा.