एकुलता एक अकाउंटअ‍ॅडमिन गेला, आता खातं कोणाचं?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी जखम पुन्हा ठसठसली. स्नोफ्लेक (क्लाउडवर डेटा ठेवायची सेवा) यावरचा एकमेव अकाउंटअ‍ॅडमिन (खात्याचे सर्वोच्च अधिकार असलेला) नोकरी सोडून गेला, एमएफए (लॉगिनची दुसरी पडताळणी) त्याच्या फोनवर, तुमच्या हाती फक्त सिसअ‍ॅडमिन (त्याहून कमी अधिकार), आणि वेअरहाऊस (क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेले प्रश्न, चालवणारी यंत्रणा) रात्रभर चालू राहून बिल फुगतंय. डिट्टो आमचंच प्रकरण. वर ज्यांनी "आधी रोल्सची उतरंड समजून घ्या" असं लिहिलंय त्यांचं काही चुकलेलं नाही, पण त्याने तुमचं कुलूप उघडणार नाही. रोल (अधिकारांचा संच) आणि ग्रँट (रोलला हक्क देणं) तुम्हाला येतात असं धरून लिहिते.

पहिलं काम पैशांची गळती थांबवायचं. शो वेअरहाऊसेस ही आज्ञा चालवा आणि फक्त मालक आणि ऑटो सस्पेंड (किती सेकंद रिकामं राहिल्यावर आपोआप थांबायचं) हे रकाने बघा. ऑटो सस्पेंडपुढे शून्य किंवा नल (काहीच न भरलेलं) असेल तर ते वेअरहाऊस आपणहून कधीच थांबत नाही. मालक सिसअ‍ॅडमिन असेल तर आत्ताच ६० सेकंद करून टाका. अकाउंटअ‍ॅडमिनने बनवलेल्यांची सेटिंग तुम्हाला बदलता येणार नाही, जोवर मॉडिफाय हा हक्क तुमच्या रोलला कुणी दिलेला नाही. ऑपरेट (चालू-बंद करण्याचा) हक्क असेल तर निदान संध्याकाळी हाताने बंद करता येतं, अडकलेली क्वेरीही मारता येते. ऑटो रिझ्यूम चालू असेल तर पुढची क्वेरी आली की ते परत उठेल, हे मात्र लक्षात ठेवा. मीडियम वेअरहाऊस तासाला ४ क्रेडिट (स्नोफ्लेकचं बिलाचं एकक) खातं, म्हणजे रात्री ८ ते सकाळी ८ नुसतं चालू राहिलं तर ४८ क्रेडिट, एकही क्वेरी न चालता. हा आकडा वरिष्ठांना दाखवा. एरवी तुमचा ईमेल कोणी उघडूनही बघणार नाही.

आता मुद्द्याचं. आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा स्नोफ्लेकच्या कुठल्या सेटिंगने खाल्ला नाही. तो खाल्ला ज्या रिसेलरमार्फत आम्ही खातं घेतलं होतं त्याच्या मदतकक्षाने. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

मी लिहिलं की अ‍ॅडमिन गेला आहे, नवीन अ‍ॅडमिन नेमायचा आहे. उत्तर आलं: "ही विनंती अधिकृत संपर्क व्यक्तीच्या ईमेलवरून यायला हवी." अधिकृत संपर्क व्यक्ती कोण? तोच, गेलेला. त्याचा मेलबॉक्स आमच्याच आयटीने नियमाप्रमाणे बंद केलेला. मग संपर्क व्यक्ती बदलून द्या म्हटलं, तर त्यासाठी एक फॉर्म, आणि फॉर्मवर सध्याच्या संपर्क व्यक्तीची संमती बंधनकारक! दरवेळी नवीन तिकीट, दरवेळी वेगळा माणूस, दरवेळी पहिल्यापासून कहाणी. शुक्रवारी संध्याकाळी "तुमची समस्या सुटली असं समजून तिकीट बंद करत आहोत" हा ईमेल ठरलेला. फोन केला की अत्यंत गोड आवाजात तेच वाक्य. इकडे आयटी म्हणे, मेलबॉक्स उघडायला एचआरची परवानगी आणा. एचआर म्हणे, गेलेल्या माणसाची खाजगी माहिती आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिकडे वेअरहाऊस मजेत चालू, आणि त्या वेअरहाऊसचं बिल मात्र हाच रिसेलर न चुकता वेळेवर पाठवत होता. बिल पाठवायला त्यांना आमची ओळख पुरत होती, कुलूप उघडायला पुरत नव्हती.

सुटका केली लेखा विभागाने. त्यांच्याकडे मूळ ऑर्डर फॉर्म होता, आणि त्यावर सही करणाऱ्या आमच्या संचालक बाई अजून कंपनीत होत्या. त्यांच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र, सोबत ऑर्डर फॉर्मची प्रत, शेवटच्या भरलेल्या बिलाचा क्रमांक आणि खात्याचा अकाउंट आयडेंटिफायर, एवढं रिसेलरच्या मदतकक्षाला न पाठवता त्यांच्या विक्री विभागाला पाठवलं. विषयात स्पष्ट लिहिलं की नूतनीकरण याच्यावर अवलंबून आहे. मग मात्र चक्रं भराभर फिरली. मदतकक्षाशी हुज्जत घालत बसू नका असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या पडद्यावर जो रकाना नाही, ते काम त्यांच्या लेखी अस्तित्वातच नाही. (तुमचा करार वेगळा असू शकतो, थेट कंपनीकडून घेतला असेल तर रस्ता वेगळा, आणि मी काही कायद्याची जाणकार नाही. पत्र लिहिण्याआधी तुमच्या कायदा विभागाला दाखवा.)

आणि हो, गेलेल्या सहकाऱ्याला फोन करून कोड विचारण्याचा सल्ला वर कोणीतरी दिलाय. माणूस भला असेल तर काम होईलही, पण कंपनी सोडलेल्या माणसाने तुमच्या सर्वोच्च खात्यात शिरणं हे त्याच्याही अंगाशी येऊ शकतं. लेखी परवानगीशिवाय तो उद्योग नको.

आत शिरल्यावरची एक गोष्ट, कारण उत्साहाच्या भरात सगळे नेमकं हेच करायला धावतात. जुन्या अ‍ॅडमिनचा यूजर लगेच डिसेबल करू नका! आधी अकाउंट यूसेजमधली (वापराच्या नोंदींचा स्नोफ्लेकमधला विभाग) लॉगिन हिस्टरी बघा, तिथे वर्षभराच्या नोंदी असतात (ताजी नोंद दिसायला दोन तासांपर्यंत लागू शकतात). माणूस गेल्यानंतरही त्याच्या नावाने पहाटे लॉगिन होताना दिसलं तर दचकू नका. बहुतेक वेळा तो एखादा ईटीएल जॉब (डेटा आपोआप आणून भरणारं काम) असतो, त्याच्याच यूजरने घाईत जोडून दिलेला. आमच्याकडे रोजचा विक्री अहवाल असाच चालायचा. त्या क्लायंटचं नाव आणि आयपी बघून मालक शोधा, जॉबसाठी सर्व्हिस प्रकारचा वेगळा यूजर काढा (त्याला पासवर्डने लॉगिन करताच येत नाही, की-पेअर, म्हणजे डिजिटल किल्ल्यांची जोडी, द्या), जॉब तिकडे हलवा आणि मग जुना यूजर बंद करा. टेबलं वगैरे जातील ही भीती नको. मालकी यूजरची नसते, रोलची असते.

दुसरा अकाउंटअ‍ॅडमिन त्याच दिवशी नेमा. दोघांनाही एमएफए, पण एकाच टीममधले दोघे नकोत. आणि अकाउंटअ‍ॅडमिन हा कोणाचाही डिफॉल्ट रोल ठेवू नका. तुमच्या खात्यातली निम्मी वेअरहाऊस तुम्हाला बदलता येत नाहीत त्याचं कारण बहुधा तेच असणार. गेलेले भाऊसाहेब रोज त्याच रोलमध्ये बसून सगळं बनवत असणार.

रिसोर्स मॉनिटर (क्रेडिटच्या खर्चाला मर्यादा घालणारी सोय) लावा, तो अकाउंटअ‍ॅडमिनलाच बनवता येतो. पण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नका. एक म्हणजे तो वेअरहाऊसवरच लक्ष ठेवतो, स्नोपाइप (फाइलींतला डेटा आपोआप भरणं) किंवा ऑटोमॅटिक क्लस्टरिंगचा (टेबलांची आपोआप फेरमांडणी) खर्च त्याच्या नजरेत येत नाही. दुसरं, मर्यादा गाठल्यावरची कृती म्हणून सस्पेंड निवडलं तर तो चालू क्वेरी संपायची वाट बघतो, आणि क्वेरीची डिफॉल्ट कालमर्यादा १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण दोन दिवस! ती आधी कमी करा. तिसरं, अ‍ॅडमिनला सूचनेचा ईमेल त्याने स्वतः सूचना चालू केल्या असतील तरच येतो. आमच्याकडे मॉनिटर होता, सूचनाही जात होत्या. त्या बंद मेलबॉक्सात.

थोडं विषयांतर: ऑटो सस्पेंड ३० सेकंदांवर आणून बचत केल्याचा आनंद मानू नका. वेअरहाऊस उठलं की किमान ६० सेकंदांचे पैसे लागतातच. दर दोन मिनिटांनी रिफ्रेश होणारा डॅशबोर्ड त्यावर असेल तर तो दरवेळी ते उठवणार, म्हणून आधी तो डॅशबोर्ड बघा. तासातून एकदा बघितल्या जाणाऱ्या आलेखाला दोन मिनिटांचा रिफ्रेश कशाला हवा, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

फ्युचर ग्रँटबद्दल (पुढे बनणाऱ्या टेबलांसारख्या गोष्टींवर आधीच दिलेला हक्क) तुम्ही शेवटी विचारलंय: डेटाबेसवर दिलेला ग्रँट नव्या टेबलांना लागू होत नाही म्हणून. ती टेबलं ज्या स्कीमात (डेटाबेसमधल्या कप्प्यात) आहेत त्यावर टेबलांसाठी वेगळा फ्युचर ग्रँट कोणीतरी दिलेला असणार, भले दुसऱ्याच रोलला. तसं असेल तर स्कीमाचा चालतो आणि डेटाबेसचा बाजूला पडतो. शो फ्युचर ग्रँट्स इन स्कीमा चालवलं की दिसेल.

तर आज एवढंच करा: लेखा विभागात जाऊन ऑर्डर फॉर्म मागा आणि सही कोणाची आहे ते बघा. नाव इथे टाकू नका, पण ती व्यक्ती अजून कंपनीत आहे की नाही तेवढं कळवा. नसेल तर पत्राचा मजकूर थोडा वेगळा करावा लागेल, आमच्या पत्राचा नमुना नावं काढून देते.